खर्च-जमा : क्लबचे सहा लाख भरावेत का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही बाणेरला राहतो. मी ४६, बायको ४३, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा नववीत. घरापासून आठ किलोमीटरवर एक नवा क्लब निघाला आहे. मागच्या महिन्यात त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं, तलाव, जिम, बॅडमिंटन, वाचनालय सगळं फिरवून दाखवलं. प्रवेश फी ६ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी. वर्षाची वर्गणी ३६ हजार, तिच्यावरही जीएसटी. शिवाय महिन्याला २,५०० रुपयांचं ‘मिनिमम बिलिंग’, म्हणजे तेवढं खाणंपिणं तिथे करा नाहीतर नुसते पैसे भरा. सभासदत्व २० वर्षांचं, फी परत मिळत नाही. ‘रविवारपर्यंत भरलेत तर ५० हजार सूट’ असं म्हणाले होते. तो रविवार गेला, पण काल पुन्हा फोन आला, ‘सर, तुमच्यासाठी ऑफर ठेवलीय.’ बायकोला रोज पोहायचंय. मुलगा बॅडमिंटन खेळतो, सध्या जवळच्या कोर्टला तासाला ४०० रुपये देतो. आई म्हणते, एवढ्या पैशांत गावच्या घराचं छप्पर होईल. काय करू?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : त्या रविवारपासून सुरुवात करते. जी सूट रविवार उलटूनही तुमच्यासाठी थांबली, ती दिवाळीपर्यंतही थांबेल. तेव्हा घाई नाही हे मनाशी पक्कं करा आणि मग पुढचं वाचा.

मी आठ वर्षं एका जिमखान्याची मानद खजिनदार होते. ‘मानद’ म्हणजे पगार नाही आणि सर्वसाधारण सभेत शिव्या मात्र पूर्ण. त्या आठ वर्षांत एक गोष्ट कळली, जी सभासद असताना कधी लक्षात आली नव्हती. क्लब चालतो तो न येणाऱ्यांच्या जिवावर. सगळे सभासद एका रविवारी सकाळी पोहायला आले तर तलावात उभं राहायलाही जागा मिळणार नाही. लॉकर पुरणार नाहीत, पार्किंगवरून मारामाऱ्या होतील. वर्गणी ठरवताना आम्ही हे गृहीतच धरायचो. कोणी तोंडाने बोलायचं नाही, एवढंच.

तुमच्या त्या ‘मिनिमम बिलिंग’चीही गंमत सांगते. आमच्याकडे ते तिमाही होतं. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहापासून काउंटरपुढे रांग लागायची. तीन महिने ज्यांचं तोंड पाहिलेलं नसायचं ते लोक गाडी चालू ठेवून आत यायचे, ‘माझे किती उरलेत हो?’ असं विचारायचे आणि उरलेल्या आकड्याचं पार्सल न्यायचे. पनीर टिक्का, चायनीज, काहीच सुचलं नाही तर सॉफ्ट ड्रिंकचा अख्खा क्रेट. एक निवृत्त गृहस्थ होते, बाहेरचं काही खात नसत. ते दर तिमाहीला सोळा-सतरा चीज सँडविच बांधून न्यायचे आणि सोसायटीतल्या वॉचमनना वाटायचे. त्यांचा हिशेब कधी चुकायचा नाही, मी स्वतः तपासलेला आहे. त्या एका दिवशी आमच्या किचनला जो फायदा व्हायचा, त्यावर पुढचा महिना निघायचा. हे मी पाप म्हणून नाही, जमाखर्च म्हणून सांगतेय.

आता तुमचा जमाखर्च. ६ लाख अधिक १ लाख ८ हजार जीएसटी, म्हणजे ७ लाख ८ हजार. (सूट धरली तरी चित्र फार बदलत नाही, म्हणून मी धरत नाही.) लोक इथे चुकतात. ही रक्कम ‘एकदाच भरायची’ म्हणून विसरून जातात. तसं नको. समजा हेच ७ लाख ८ हजार साडेसहा टक्क्यांनी उसने घेतले आणि २० वर्षांत दर वर्षी सारख्या हप्त्याने फेडले, तर वर्षाचा हप्ता येतो साधारण ६४ हजार. वर्गणी जीएसटी धरून ४२,४८०. खाण्याचे वर्षाला ३० हजार. त्यातले निम्मे तुम्ही नाहीतरी बाहेर खाल्लेच असते, म्हणून पंधराच धरू. बेरीज सव्वा लाखाला थोडी कमी, १,२१,५००.

आठवड्यातून एकदा गेलात, म्हणजे वर्षाला पन्नास वेळा, तर एका फेरीचे २,४०० रुपये पडले. वर्षाला दोनशे वेळा गेलात तर सहाशे. बायको आणि मुलगा दोघं मिळून दोनशे वेळा गेले तर सहाशे रुपयांत दोघांची करमणूक, हे वाईट नाही. पण वर्गणी २० वर्षं ३६ हजारच राहणार नाही. ती वाढवायची असते तेव्हा सभासदांना विचारतात की नुसतं कळवतात, हे नियमावलीत पाहा.

आणि आठ किलोमीटर! संध्याकाळी सात वाजता बाणेरहून आठ किलोमीटर म्हणजे जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस, पोहायला तीस, केस वाळवायला वीस. वहिनी पहिला महिना जातील. मग पाऊस येईल, मग मुलाची सहामाही, मग गणपती. मी गेटवरची सही-वही आठ वर्षं पाहिलेली आहे, तिच्यात नव्या सभासदाची सही साधारण अशीच विरळ होत जाते. रोज येणारे बहुतेक सगळे चपला घालून चालत येणारे होते.

मुलांचं कोणी विचारतच नाही. आईवडिलांच्या कार्डावर मुलं बहुतेक ठिकाणी एकविसाव्या किंवा पंचविसाव्या वर्षापर्यंतच चालतात, पुढे त्यांना वेगळी फी. तुमची मुलगी विशीला आलीच. मुलगा नववीत, म्हणजे चार वर्षांनी तो कुठल्या गावात कॉलेजला असेल देव जाणे. म्हणजे चौघांसाठी म्हणून घेतलेलं २० वर्षांचं सभासदत्व पंधरा-सोळा वर्षं तुम्हा दोघांचंच. मुलाच्या खेळासाठी घेणार असाल तर हिशेब सोपा आहे. नुसत्या त्या १,२१,५०० रुपयांत ४०० रुपये दराने वर्षाला तीनशेच्या वर तास कोर्ट मिळतं, तेही घराजवळ आणि हव्या त्या मित्राबरोबर.

क्लब कोणाचा आहे, हे विचारलंत का? ‘क्लब’ हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतो. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६चा, मुंबईचा हिंदू जिमखाना १८९४चा, बॉम्बे जिमखाना १८७५चा (भारतातली पहिली कसोटी १९३३ मध्ये तिथेच झाली). अशा संस्थांत सभासद हेच मालक. संस्था नोंदणी कायदा, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा किंवा कंपनी कायद्याचं कलम ८, यांपैकी कशाखाली तरी ती नोंदलेली असते. निवडणूक होते, ताळेबंद छापतात, सभेत उठून ‘खजिनदारबाई, हा दिव्यांचा खर्च कसला?’ असं विचारता येतं. दुसऱ्या प्रकारात क्लब एका कंपनीचा किंवा बिल्डरचा. तिथे तुम्ही सभासद म्हणवता, पण असता गिऱ्हाईक. तलाव त्याचा, जमीन त्याची, उद्या त्याने विकला तर तुमच्या उरलेल्या वर्षांचं काय, ते करारात लिहिलेलं असेल तेवढंच. तुम्ही सांगताय तो क्लब दुसऱ्या प्रकारातला वाटतो.

पहिल्या प्रकारात सगळं सोवळं असतं असं नाही. दिल्ली जिमखान्याविरुद्ध केंद्र सरकारच न्यायाधिकरणात गेलं. अर्जदारांकडून पैसे घेऊन त्यांना वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत ताटकळत ठेवणं हा तक्रारीतला एक मुद्दा होता. २०२२ मध्ये सरकारला तिथे आपले संचालक नेमायची परवानगी मिळाली. जमिनीचं म्हणाल तर जुन्या संस्थांतल्या बऱ्याच सरकारी जमिनीवर भाडेपट्ट्याने आहेत. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला आणि पुढची दहा वर्षं त्या जमिनीचं काय होणार याचीच चर्चा चालली होती. म्हणून फी किती हे विचारण्याआधी जमीन कोणाची आणि किती वर्षांसाठी, हे विचारावं.

एवढं सगळं सांगणारी मी स्वतः मात्र १९९२ पासून सभासद आहे. तेव्हा ११ हजार भरले होते. माझ्या नवऱ्याला ते इतके जास्त वाटले की त्याने आठवडाभर रिक्षा सोडून बस धरली. मी पोहत नाही, जिममध्ये तर पाऊलही टाकलेलं नाही. मी तिथे बुधवारी आणि शनिवारी ब्रिज खेळते. २०१६ मध्ये उजवं मनगट मोडलं तेव्हा बाकीचे तिघं पत्ते घेऊन घरी आले. एका हाताने तेरा पत्ते धरता येईनात, तर त्यातल्या एकाने नातवाच्या स्क्रॅबलमधली लाकडी पट्टी आणली आणि तिच्यावर माझे पत्ते उभे करून दिले. सहा आठवडे आम्ही तसे खेळलो. ती पट्टी अजून माझ्याकडे आहे, नातवाचा स्क्रॅबल तेव्हापासून अपुरा. तेव्हा ११ हजार वसूल झाले का, असं मला विचाराल तर माझं उत्तर तुमच्या कामाचं नाही, कारण मी पैसे भरले तेव्हा त्या तिघांपैकी दोघं आधीच तिथे खेळत होते. तुमच्या त्या नव्या क्लबात तुम्ही कोणाला ओळखता? पत्रात चारही सुविधा आहेत, माणसाचं नाव एकही नाही.

माझं मत : आत्ता भरू नका. त्या फोनवाल्याला सांगा, एक वर्षाचं किंवा सहा महिन्यांचं सभासदत्व द्या, दर थोडा जास्त लावलात तरी चालेल. बरेच नवे क्लब देतात, फक्त आपण होऊन सांगत नाहीत. नाहीच म्हणाले तर वहिनींना घराजवळच्या तलावाची सकाळची बॅच लावा आणि घरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक पोहण्याच्या दिवशी फुली मारा. वर्षाअखेरीस दीडशे फुल्या झाल्या तर मला पुन्हा लिहा, आपण सहा लाखांचं बोलू. आणि तोवर आईंना विचारा, छपराला कौलं घालायची की पत्रे. पावसाच्या आत करायचं असेल तर गवंडी आत्ताच सांगायला हवा.

प्रश्न : २०१९ मध्ये एका कंपनीला ‘आजीवन सभासदत्व’ म्हणून २ लाख १० हजार दिले. दीड वर्षात क्लबहाऊस उभं राहील असं पत्र आहे. आजही तिथे कुंपण आणि पाटी आहे. पैसे मागितले की ‘फी परत न मिळण्याजोगी आहे’ असं नियमावलीवर बोट ठेवून सांगतात. आता फार उशीर झाला का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : फी परत मिळणार नाही हे कलम सुविधा दिल्यावर वापरायचं असतं. सुविधाच न देता पैसे ठेवून घेणं ही सेवेतली त्रुटी आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीची मुदत २ वर्षांची आहे, हे खरं. पण कबूल केलेली वास्तू दिलेलीच नाही तेव्हा तक्रारीचं कारण रोज चालू राहतं असा युक्तिवाद करता येतो, आणि विलंब माफ करायची तरतूदही कायद्यात आहे. आधी पोचपावतीसह स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, १५ दिवस द्या. मग जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही नाशिकला राहता, तर नाशिकलाच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी खेटे घालायला नकोत. भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी बोलून पाहा, कधी कधी तेवढ्यावरच समोरचा नरमतो.

क्लबचं वचन फ्लॅटच्या करारात असेल तर गोष्ट वेगळी, मग महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे जायचं. करार पुन्हा काढून वाचा. पैसे भरल्याची पावती आणि ते दीड वर्षाचं पत्र आजच झेरॉक्स करून ठेवा. थर्मल कागदावरची पावती असेल तर ती पांढरी व्हायला लागली असेल, म्हणून ‘आजच’ म्हटलं.

प्रश्न : मुलाच्या मित्राने त्याच्या क्लबात आम्हाला जेवायला नेलं. माझे वडील ७८ वर्षांचे, धोतर आणि कोल्हापुरी वहाणा. दारावरच्या माणसाने आत सोडलं नाही. हे कायदेशीर आहे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खाजगी क्लबला पोशाखाचा नियम करता येतो, आणि पाहुण्याला तो यजमानाने आधी सांगायचा असतो. तुमच्या मुलाच्या मित्राने ते केलं नाही. २०१४ मध्ये चेन्नईत एका क्रिकेट क्लबात उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच वेष्टी (तिकडचं धोतर) नेसली म्हणून अडवलं होतं. त्यानंतर तमिळनाडूने क्लबांत वेष्टीला मनाई करता येणार नाही असा कायदाच केला. तो फक्त त्या राज्यापुरता. ठाण्याला त्याचा उपयोग नाही.

आमच्या जिमखान्यात या, धोतर चालतं. चालत नाही ती हाफ पँट, तीही फक्त पत्त्यांच्या खोलीत. हा नियम माझ्याच काळात झाला. तिथल्या खुर्च्या वेताच्या आहेत आणि मांड्यांना टोचतात अशी तीन लेखी पत्रं आली होती.