ऑडिओबुक करताय? आधी हक्क बघा

जुनी मराठी पुस्तकं वाचून यूट्यूबवर टाकायची म्हणताय, जरूर टाका! माइकचं नंतर बघू. आपल्याकडे लेखक गेल्यानंतरच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून त्यांचं लेखन 2011 पासून खुलं. पु. ल. 2000 साली गेले. तिथे 2060 संपेपर्यंत परवानगी हवीच.

नवीन माणूस हमखास चुकतो तो इथे:

- पुस्तक दुकानात मिळत नाही, म्हणजे हक्क संपला असं धरतो.
- अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, हे विसरतो.
- मागे गाणं लावतो. माझ्या पहिल्याच भागात बासरीची सीडी होती. खाली ‘श्रेय मूळ कलाकारांना’ लिहूनही दोन दिवसांत दावा आला. श्रेय म्हणजे परवानगी नव्हे.

पहिली गोष्ट दहा मिनिटांचीच घ्या. आणि हो, पंखा बंद करून वाचा.