बेअरिंगचा प्रश्न छोटा, हप्त्याचा मोठा

एका वाचकाचं पत्र. अठरा वर्षं जुनी फोर बाय फोर, पुढच्या चाकांतून घूं घूं आवाज. मेकॅनिक म्हणतो दोन्ही बाजूंचं बेअरिंग बदला; बिल पगाराच्या एक तृतीयांश. गाडीविक्रेता म्हणतो जुनीत पैसे घालू नका, सात वर्षांच्या कर्जावर नवी घ्या. हप्ता पगाराच्या 40 टक्के. काय करू? आणि जाता जाता एक ओळ: ‘बिल कार्डावरच टाकावं लागेल. मागचा विम्याचा हप्ताही कार्डावरच भरला होता, त्यातली एका पगाराएवढी बाकी आहे.’

आधी विचारलेलं. 40 टक्क्यांचे 84 हप्ते म्हणजे जवळपास 34 पगार. तेवढ्यात हे काम शंभर वेळा होईल. दुरुस्त करा.

निदान मात्र पक्कं करून घ्या. चाक जॅकवर उचलून वर आणि खाली धरून हलवायचं. खेळ, म्हणजे सैलपणा, लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं. खेळ गेला तर बेअरिंग. राहिला तर चाक ज्यावर वळतं ते सांधे, बॉल जॉइंट किंवा किंगपिन, बघा, मग बिलही वेगळं. तुमच्या गाडीत टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरचं, बेअरिंग असेल तर रोलर आणि ते ज्यात फिरतात ती वाटी जोडीनेच बदला, सीलही नवं. जुन्या वाटीत नवे रोलर बसवून वाचवलेले पैसे पुढच्या बिलात जातात. ‘थोडं चालवून बघतो, आवाज बसेल,’ असं लिहिलंय तुम्ही. बसत नाही हो. बेअरिंग तापतं, आवळतं आणि चाक ज्या दांड्यावर फिरतं ते स्पिंडल खाऊन टाकतं.

आता न विचारलेलं, ती विम्याची पॉलिसी. वर्षाला दोन पगार हप्ता, 15 वर्षं, नऊ भरून झाले. शेवटी 45 पगार मिळतील, ‘दीडपट’, असं एजंटाने सांगितलं. 30 भरून 45 ऐकायला झकास वाटतं, पण पैसे वर्षावर्षाने जातात, म्हणून हिशेब बसतो वर्षाला जेमतेम पाच टक्के. तेही त्याचा अंदाज खरा ठरला तर! आणि हा पाच टक्क्यांचा हप्ता तुम्ही भरलात महिना तीन टक्क्यांच्या कार्डावर. एका पगाराच्या बाकीवर वर्षाचं व्याज पगाराच्या 36 टक्के. म्हणजे बेअरिंगच्या बिलापेक्षा जास्त, आणि चाक तसंच घुमतंय.

विमा तरी मिळाला का? संरक्षण 20 पगारांचं. घरात बायको आणि दोन शाळकरी मुलं. दोन वर्षंही निघणार नाहीत. गुंतवणुकीच्या नावाखाली तुटपुंजा विमा आणि विम्याच्या नावाखाली तुटपुंजी गुंतवणूक, असली पॉलिसी ज्याने गळ्यात मारली त्याचं कमिशन केव्हाच वसूल झालंय.

क्रम चुकवू नका. आधी निव्वळ टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा, किमान दहा वर्षांच्या पगाराएवढा. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात रक्कम मुदतीअखेर. लगेच मोडली तर किती मिळेल, तेही कंपनीकडून लेखी घ्या आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून ठरवा. पेड-अप ठेवलीत, तर तिच्यावर कर्ज मिळतं का विचारा. मिळत असेल तर सव्वा-दीड पगाराएवढं काढा, कार्डाची बाकी आणि त्यावर टाकलेलं बेअरिंगचं बिल दोन्ही मिटवा. व्याज कार्डाच्या जवळपासही नसतं. मोडलीत, तर हातात येईल त्यातून हेच आधी. हप्त्याचे दोन पगार सुटले की कर्ज काढलं असेल तर पहिल्या वर्षात फेडा. पुढे तीन पगार शिल्लक होईपर्यंत नव्या गाडीचं नाव नको.

पुढचा हप्ता दोन महिन्यांवर आहे, असं तुम्हीच लिहिलंय. टर्मचा अर्ज आणि वैद्यकीय तपासणी यांतच वेळ जातो, म्हणून तो याच आठवड्यात. चाक त्याच्याही आधी. आणि काम झाल्यावर हजारेक किलोमीटरनी पुन्हा जॅकवर चढवून खेळ तपासायला सांगा, नवं टेपर बेअरिंग बसताना थोडं सैल होतं.