रक्तपिशाच्च भर दुपारी कसं फिरतं?

वाचकांचे प्रश्न : डिस्कवरचे जुने भयपट आणि विज्ञानपट

प्रश्न : जुन्या बाजारात ‘नोस्फेरातू’ची (१९२२) डीव्हीडी मिळाली. काउंट ऑर्लॉक स्वतःची शवपेटी काखेत मारून लख्ख उजेडात गावातून चालतो आणि शेवटी त्याच उजेडाने मरतो! दिग्दर्शकाचं लक्ष नव्हतं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मुर्नाऊचं लक्ष होतं, डिस्क काढणाऱ्याचं नव्हतं. रात्रीचे बाहेरचे प्रसंग तेव्हा दिवसाच चित्रित करत आणि मग प्रिंटचा तो तुकडा रंगात बुडवत. रात्र निळी, दिव्याच्या उजेडातली खोली पिवळसर, पहाट गुलाबी. प्रेक्षकाला निळं दिसलं की रात्र झाली, हे ठरलेलं. पुढे नकलांवरून कृष्णधवल नकला निघाल्या, रंग गेला आणि रात्रीची दुपार झाली. त्यात हा सिनेमा ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून परवानगी न घेता काढलेला, म्हणून लेखक ब्रॅम स्टोकरच्या विधवेने दावा जिंकला आणि १९२५ मध्ये कोर्टाने या सिनेमाच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. जे उरलं ते इकडून-तिकडून बचावलेलं. टीव्हीचा कलर वाढवून निळी रात्र परत येणार नाही, तेव्हा तो खटाटोप नको.

आणखी एक गोम वेगाची. सेकंदाला १८ फ्रेमने चालवला तर हा सिनेमा सुमारे ९४ मिनिटांचा होतो. तीच फिल्म २४ ने पळवली की सत्तरीत आटोपते. परीक्षा सोपी आहे. ऑर्लॉककडे निघालेल्या हुटरला न्यायला येणारी घोडागाडी बघा. ती मुद्दाम पळवलेली आहे आणि जंगलाचा एक तुकडा निगेटिव्हमध्ये दाखवलाय, म्हणजे झाडं पांढरी. नीट डिस्कवर तेवढी गाडीच अमानुष वेगाने येते आणि अंगावर काटा येतो. तुमच्या डिस्कवर बहुधा सगळेच तुरुतुरु चालत असतील, मग गाडीचं काय कौतुक? मुर्नाऊ फाउंडेशनने दुरुस्त केलेली, रंग असलेली आणि हान्स एर्डमनचं मूळ संगीत असलेली आवृत्ती शोधा. खोक्यावर आधी मिनिटं वाचा, मग किंमत.

प्रश्न : जुन्या डीव्हीडी बरोबर अर्ध्यावर अडकतात. पुढे ढकलल्या की शेवटपर्यंत चालतात. प्लेअर गेला का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : इतक्यात त्याला दोष देऊ नका. ८.५ जीबीच्या डीव्हीडीत दोन थर असतात. सिनेमाच्या डिस्कवर लेन्स बहुधा पहिला थर मधून कडेकडे वाचते, तिथे फोकस बदलते आणि दुसरा थर वाचत परत आत येते. म्हणजे सिनेमाचा मध्य डिस्कच्या कडेला असतो, आणि आपण डिस्क धरतो तीही कडेलाच! थर बदलताना क्षणभर थबकणं नेहमीचं. चौकटी फुटून चित्र गोठलं तर कड मळली आहे.

कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, बोटांनी हलकेच चोळा, धुवा. मऊ मायक्रोफायबरने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसू नका. आडवा ओरखडा प्लेअर सावरून घेतो, पण माहितीच्या रेषेला धरून गेलेला गोल ओरखडा सलग बराच मजकूर खातो. टूथपेस्टचा उपाय तर विसराच. एवढं करूनही अडकली तर दोन थरांची दुसरी स्वच्छ डिस्क लावा. तीही तिथेच थांबली, तर मात्र लेन्स बघायची. डिस्क उजेडात धरून आतमध्ये ढगासारखा डाग किंवा बारीक छिद्रं दिसली, तर दोन पापुद्र्यांमधला चमकता थर खराब झालाय. त्यावर इलाज नाही.

प्रश्न : ब्रिटनहून भाचीने हॅमर या ब्रिटिश कंपनीचा १९५८ चा ‘ड्रॅक्युला’ ब्लू-रेवर आणला. माझा प्लेअर घेत नाही. (एक वाचक, पणजी)

उत्तर : डिस्कसाठी जगाचे विभाग, म्हणजे रिजन, पाडलेत आणि एका रिजनची कुलूपबंद डिस्क दुसऱ्या रिजनचा प्लेअर घेत नाही. ब्लू-रेला भारत रिजन सी, ब्रिटन बी, अमेरिका आणि जपान ए. डीव्हीडीत आपण ५, ब्रिटन २, अमेरिका १. डीव्हीडीचं कुलूप बऱ्याच प्लेअरमध्ये रिमोटच्या मेनूतून निघतं, ब्लू-रेचं सहसा निघत नाही. पुढच्या वेळी भाचीला खोक्यामागचं अक्षर वाचायला सांगा. फोर-के डिस्कला रिजनचं कुलूप नसतं, पण त्याच खोक्यातल्या साध्या ब्लू-रेला असू शकतं.

प्रश्न : ‘पुराना मंदिर’ची (१९८४) व्हीसीडी नव्या मोठ्या टीव्हीवर नुसत्या चौकोनांची दिसते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. त्यातच हा सिनेमा काढणाऱ्या रामसे बंधूंचा धूर, अंधार आणि लाल-हिरवा उजेड. थोड्या माहितीत भरायला याहून अवघड चित्र नाही, म्हणून धुराच्या जागी फरशा दिसतात. टीव्ही चित्र मोठं करतो तेव्हा फरशाही मोठ्या होतात. शार्पनेस पार खाली आणा, ब्राइटनेस थोडा उतरवा आणि खुर्ची मागे घ्या. ‘मोंडो मकाब्रो’ या डिस्क काढणाऱ्या कंपनीने हाच सिनेमा रामसेंच्याच ‘बंद दरवाजा’सोबत डीव्हीडीवर काढला होता, हाती लागला तर सोडू नका. सिनेमातल्या सामरी राक्षसाचा चेहरा तिथे नीट दिसतो, आणि त्याचा मेकअपसुद्धा.