गोव्याच्या खासदाराने संसदेत कुठल्या विधेयकावर कसं मत दिलं, हे कुठे सापडेल?

तुमचा प्रश्न असा की गोव्याच्या खासदारांची हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग यांचे आकडे मिळतात, पण कुठल्या विधेयकाला ‘होय’ आणि कुठल्याला ‘नाही’ म्हटलं याची यादी मिळत नाही. ती लपवून ठेवतात का? लपवत नाहीत. बहुतेक विधेयकांच्या बाबतीत अशी यादी तयारच होत नाही. आणि जिथे होते, तिथे ती वाचून खासदारापेक्षा त्याच्या पक्षाबद्दलच जास्त कळतं.

मी बरीच वर्षं पणजीत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काम केलं. दिल्लीची बातमी एजन्सीकडून यायची: अमुक विधेयक मंजूर, विरोधकांचा सभात्याग. गोव्याच्या खासदारांनी त्या वेळी काय केलं हे त्यात नसायचं, आणि वाचकही विचारत नसत. तिंट्यावर, म्हणजे गावच्या नाक्यावर, चर्चा व्हायची ती खासदार निधीतून कुठल्या वाड्यावर सभागृह मंजूर झालं याची. तुम्ही मताबद्दल विचारताय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोकसभेत विधेयक मताला टाकलं की अध्यक्ष विचारतात, बाजूने कोण, विरोधात कोण. दोन्हीकडून आवाज येतो आणि अध्यक्ष कौल जाहीर करतात. हे आवाजी मतदान. कोण काय ओरडलं याची नोंद कोणी ठेवत नाही. एखाद्या सदस्याने त्या कौलाला हरकत घेऊन मतविभाजन मागितलं, आणि ते दिलं गेलं, तरच नावनिशीवार मतं नोंदली जातात. मागूनही मिळेलच असं नाही. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यसभेत कृषी विधेयकं गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर झाली, तेव्हा विरोधकांची तक्रार नेमकी हीच होती. घटनादुरुस्तीचं मात्र वेगळं. तिथे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं, म्हणून डोकी मोजावीच लागतात. गोव्याला घटक राज्य करण्यासाठी झालेली 1987 ची 56 वी घटनादुरुस्ती किंवा कोंकणीला आठव्या परिशिष्टात घेणारी 1992 ची 71 वी घटनादुरुस्ती, दोन्ही या मार्गाने गेल्या.

आता गोव्यासाठी अलीकडचं सर्वांत महत्त्वाचं विधेयक घ्या. अनुसूचित जमातींना विधानसभेत राखीव जागा देण्यासाठीचं. 2011 च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या 25,449 होती आणि त्यांच्यासाठी पेडण्याची एक जागा राखीव आहे. गावडा, कुणबी, वेळीप मिळून अनुसूचित जमातींची लोकसंख्या 1,49,275, आणि चाळीस जागांपैकी त्यांच्यासाठी एकही नाही. हे विधेयक ऑगस्ट 2024 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, वर्षभर पडून राहिलं, 5 ऑगस्ट 2025 रोजी लोकसभेत आणि 11 ऑगस्टला राज्यसभेत मंजूर झालं. लोकसभेत त्या वेळी बिहारच्या मतदार याद्यांवरून विरोधकांच्या घोषणा चालू होत्या आणि त्या गोंगाटातच आवाजी मतदान उरकलं. म्हणजे गोव्याच्या इतिहासात ज्याची नोंद राहील त्या विधेयकावर नावनिशीवार मतांची यादी नाही. श्रेय मात्र इथे सगळ्यांनाच हवंय. कोणी खरंच पाठपुरावा केला ते पाहायचं तर 2003 पासूनची, म्हणजे या तीन समाजांचा अनुसूचित जमातींत समावेश झाल्यापासूनची प्रश्नोत्तरं चाळायला हवीत. कंटाळवाणं काम आहे, पण पुरावा तिथेच आहे.

मतविभाजन झालंच तर घंटा वाजते, लॉबी रिकाम्या होतात, दारं बंद होतात, सदस्य आपापल्या जागेवरची बटणं दाबतात. ज्यांचं यंत्र चाललं नाही किंवा चुकीचं बटण दाबलं गेलं ते चिठ्ठी देतात. म्हणून फलकावर दिसलेला आकडा शेवटचा मानू नये. 17 डिसेंबर 2024 रोजी ‘एक देश एक निवडणूक’ विधेयक मांडण्यावरून मतविभाजन झालं, तेव्हा यंत्राने आधी 220 विरुद्ध 149 दाखवलं. चिठ्ठ्या मोजल्यावर ते 269 विरुद्ध 198 झालं. त्या रात्री समाजमाध्यमांवर फिरलेले काही फोटो पहिल्या आकड्याचे होते. नावं पाहायची ती नंतर छापल्या जाणाऱ्या वृत्तांतात.

तिथे होय, नाही आणि तटस्थ असे तीन गट असतात. यादीत नाव सापडलं नाही तर लगेच ‘पळून गेला’ म्हणू नका. सभात्याग केलेला, आजारी असलेला, दौऱ्यावर असलेला आणि कँटीनमध्ये बसलेला, हे चौघेही त्या यादीत सारखेच अदृश्य असतात. कोण कशामुळे नव्हता ते त्या दिवसाच्या कामकाजाच्या वृत्तांतातून आणि वर्तमानपत्रांतून जुळवावं लागतं.

पण समजा नाव सापडलं. महिला आरक्षण, सप्टेंबर 2023, लोकसभेत 454 विरुद्ध 2. वक्फ दुरुस्ती, एप्रिल 2025, 288 विरुद्ध 232. यादी उघडण्याआधीच खासदाराचा पक्ष सांगा, मी त्याचं मत सांगतो, आणि शंभरात क्वचित चुकेन. कारण दहावं परिशिष्ट. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या पक्षांतरबंदीनुसार पक्षाच्या व्हिपविरुद्ध, म्हणजे मत कसं द्यायचं याच्या आदेशाविरुद्ध, मत दिलं, किंवा परवानगीशिवाय मतदानापासून दूर राहिलं, आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं.

गोव्यात या कायद्याचं नाव काढलं की लोक हसतात, आणि हसणं साहजिक आहे. जुलै 2019 मध्ये काँग्रेसचे दहा आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर 2022 मध्ये आठ गेले, आणि दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची पळवाट त्याच परिशिष्टात असल्यामुळे ते निर्धास्त होते. मला यातली गंमत अशी वाटते की जो कायदा आमच्या आमदारांना पक्षच्या पक्ष बदलू देतो, तोच आमच्या एकट्या खासदाराला एका विधेयकावर बोट वेगळ्या बटणावर ठेवू देत नाही. सभागृहातल्या आपल्या पक्षाचे दोन तृतीयांश खासदार तो एकटा कुठून आणणार? काँग्रेसचे खासदार मनीष तिवारी यांनी विश्वासदर्शक ठराव, अर्थविधेयक असे मोजके विषय वगळून सदस्याला मोकळेपणाने मत देता यावं यासाठी खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, आणलेलं आहे. पण खासगी विधेयकांचा इतिहास पाहता त्यावर भरवसा ठेवू नये. आजवर अशी फक्त चौदा विधेयकं कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये.

उत्तर गोव्याची आणखी एक अडचण आहे, आणि तिच्यामुळे दर निवडणुकीत हमखास चुकीची पोस्ट फिरते. श्रीपाद नाईक 1999 पासून सलग सहा वेळा निवडून आले. खासदारांच्या कामाची आकडेवारी ठेवणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या पानावर सध्याच्या लोकसभेत त्यांचे प्रश्न शोधायला गेलात तर काही मिळणार नाही. त्याचा अर्थ ते गप्प बसले असा नाही. ते राज्यमंत्री आहेत. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, प्रश्नांना उत्तरं देतात. हजेरीपटावर त्यांना सही करावी लागत नाही आणि खासगी विधेयकही ते आणू शकत नाहीत. मंत्री म्हणून सरकारच्या प्रत्येक निर्णयाची सामूहिक जबाबदारी त्यांच्यावर असते, त्यामुळे त्यांचं मत वेगळं शोधण्यात काही अर्थ नाही: सरकारची भूमिका ती त्यांची भूमिका. साधे सदस्य म्हणून त्यांनी काय विचारलं ते पाहायचं असेल तर 2004 ते 2014 चा काळ पाहा, तेव्हा ते विरोधी बाकावर होते. त्यांच्या शून्याची तुलना दक्षिणेच्या खासदाराच्या प्रश्नसंख्येशी करणारा तक्ता कोणी पाठवला तर तो सरळ डिलीट करा.

हाच न्याय उलट बाजूलाही लावा. दक्षिणेचे विरियातो फर्नांडिस 2024 मध्ये काँग्रेसकडून निवडून आले. विरोधी बाकावरच्या नव्या सदस्याची प्रश्नसंख्या फुगलेली दिसते, कारण प्रश्न हेच त्याच्या हातातलं मुख्य हत्यार असतं. मोठ्या विधेयकावर बोलायला वेळ पक्षाच्या संख्याबळाप्रमाणे मिळतो आणि त्या वेळेत कोण बोलणार ते पक्ष ठरवतो. दोन जागांच्या राज्याची पाळी तिथे क्वचित येते. म्हणून प्रश्नांची संख्या सोडा, विषय वाचा. कोळसा, किनारपट्टीचे नियम, एलईडी मासेमारी, पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांचं नागरिकत्व, कोकण रेल्वे यांवर किती आणि कुठल्याही राज्यातला खासदार विचारेल असे किती? उत्तरात मंत्रालयाने ‘माहिती गोळा केली जात आहे’ म्हटलं असेल तर पुढच्या अधिवेशनात तोच धागा पुन्हा उचलला का? माझ्या मते खासदार जोखायची ही सगळ्यांत चांगली कसोटी आहे, आणि कुठल्याही गुणपत्रिकेत ती सापडत नाही.

खरं तर गोव्याला छळणारे बरेचसे विषय विधेयक म्हणून संसदेत येतच नाहीत. म्हादईचं पाणी लवादाने वाटलं: ऑगस्ट 2018 चा निवाडा, गोव्याला 24 टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला 13.42, महाराष्ट्राला 1.33. त्यावर ‘होय-नाही’ झालंच नाही. मोले अभयारण्यातून जाणारी तमनार वीजवाहिनी, महामार्गाचं रुंदीकरण आणि रेल्वेचं दुपदरीकरण हे प्रकल्प मंत्रालयांच्या आणि वन्यजीव मंडळाच्या परवानग्यांनी पुढे सरकले. रेल्वेची परवानगी मे 2022 मध्ये रद्द केली ती सर्वोच्च न्यायालयाने. अशा विषयावर खासदाराची भूमिका दिसते ती तातडीचे विषय मांडायच्या शून्य प्रहरात, लोकसभेच्या नियम 377 खालच्या निवेदनात आणि स्थायी समितीत. मडगावात एक आणि दिल्लीत दुसरं बोलला असेल तर तेही इथेच पकडता येतं, कारण सभागृहातलं भाषण शब्दशः छापलं जातं.

आणि जे विधेयक म्हणून आलं त्यावर आपलं लक्ष नव्हतं. राष्ट्रीय जलमार्ग कायदा, 2016. देशातल्या 111 जलमार्गांत मांडवी, झुवारी, शापोरा, साळ, म्हापसा नदी आणि कुंभारजुवेचा कालवा, असे गोव्याचे सहा. डिसेंबर 2015 मध्ये तो लोकसभेत मंजूर झाला, एप्रिल 2016 मध्ये लागू झाला, आणि ‘नद्यांचं राष्ट्रीयीकरण’ म्हणून गावागावांतल्या ग्रामसभा पेटल्या त्या त्यानंतर, मुरगाव बंदरातला कोळसा नदीतून वाहून नेणार ही भीती पसरल्यावर. तेव्हा लोकसभेतले गोव्याचे दोन्ही खासदार, श्रीपाद नाईक आणि नरेंद्र सावईकर, सत्ताधारी पक्षाचे होते, आणि राज्यसभेत शांताराम नाईक काँग्रेसचे. कोणी काय म्हटलं ते पाहायला दोन्ही सभागृहांची त्या विधेयकावरची चर्चा काढून वाचा. आंदोलनात नंतर कोण कुठल्या व्यासपीठावर होता हे तुम्हाला आठवत असेलच. दोन्ही शेजारी ठेवा.

राहिलं शोधायचं कसं ते. संसद डॉट इन या स्थळावर दोन्ही सभागृहांचे वृत्तांत आहेत. विधेयकाच्या नावाने थेट शोधलं तर गोंधळ होतो. आधी ते कुठल्या तारखेला मंजूर झालं ते पीआरएसवर पाहा, मग त्या तारखेचं पूर्ण कामकाज उघडा आणि शेवटाकडून वाचत या. मतविभाजन झालं असेल तर नावांची यादी चर्चा संपल्यावर येते. यादी नसेल तर आवाजी मतदान झालं असं समजा, शोधत बसू नका. खासदाराच्या नावाने प्रश्न शोधताना स्पेलिंग वेगवेगळी करून पाहा; आडनाव एकटं टाकलं तर फर्नांडिस आणि नाईक ढिगाने निघतात. राज्यसभेसाठी वेगळा विभाग आहे. गोव्याची तिथली एकमेव जागा 2023 पासून सदानंद शेट तानावडे यांच्याकडे आहे. ते मंत्री नाहीत, त्यामुळे त्यांचे प्रश्न मोजता आणि वाचता येतात. त्यांना लोकांनी नव्हे, आमदारांनी पाठवलंय, म्हणून आपण त्यांना विसरतो. पण धनविधेयकं सोडली तर विधेयकांवर राज्यसभेतलं त्यांचं मत लोकसभेतल्या मताइतकंच चालतं.

तुम्हाला नेमकं कुठलं विधेयक पाहायचंय त्याचं नाव आणि साधारण महिना कळवा. मतविभाजन झालं असेल तर त्या दिवसाचा वृत्तांत शोधून देतो.