लाकडावरील 45 टक्के कर नेमका कशावर लागतो?

न्यू जर्सीतील घराला मागे एक खोली वाढवायची आणि स्वयंपाकघर नवे करायचे असताना, "लाकडावर आता 45 टक्के कर आहे" असे सांगून कंत्राटदाराने संपूर्ण अंदाजपत्रकच वाढवले, असे आपण लिहिले आहे. मी अनेक वर्षे याच भागात बांधकामाची अंदाजपत्रके करतो. हा आकडा खोटा नाही, मात्र तो आपल्या कामातील एकाच प्रकारच्या मालाला लागू पडतो, आणि हे पारखून घेतल्याशिवाय आपण सही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अमेरिकेने 1962 च्या व्यापार विस्तार कायद्याच्या कलम 232 खाली, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन, 14 ऑक्टोबर 2025 पासून आयात सॉफ्टवुडवर (पाइन, फर अशा सूचिपर्णी झाडांच्या लाकडावर) 10 टक्के, तर स्वयंपाकघरातील कॅबिनेट, बेसिनखालची कपाटे आणि गादीचे लाकडी फर्निचर यांवर 25 टक्के शुल्क लावले. मग 45 आले कुठून? घराचा सांगाडा ज्या स्प्रूस, पाइन, फरच्या टू-बाय-फोरमधून (नावाला दोन बाय चार इंचांच्या लाकडी पट्ट्यांमधून) उभा राहतो, त्यांतील बराच माल कॅनडाहून येतो आणि त्यावर सुमारे 35 टक्के शुल्क आधीपासूनच होते; त्यात हे नवे 10 मिळवले की 45 होतात.

या 35 टक्क्यांचा वाद 1982 पासूनचा आहे. कॅनडात बहुतेक जंगल प्रांतिक सरकारांच्या मालकीचे असून उभ्या झाडाचा दर तीच ठरवतात. हा दर बाजारभावापेक्षा कमी असल्याने ते छुपे अनुदानच ठरते, असे अमेरिकी गिरणीमालक म्हणतात, आणि कॅनडा ते कधीही मान्य करत नाही. 2006 च्या कराराने वाद काही काळ शमला, तोवर जमा झालेल्या शुल्काच्या सुमारे 5 अब्ज डॉलरपैकी 4 अब्जांहून अधिक परतही गेले. पण ते आयातदारांना, त्या लाकडाची घरे विकत घेणाऱ्यांना नव्हे. 2015 मध्ये करार संपला, 2017 पासून शुल्क पुन्हा सुरू झाले, आणि 2025 च्या उन्हाळ्यात ते सुमारे साडेचौदा टक्क्यांवरून 35 वर गेले.

शुल्क सीमेवर घोषित केलेल्या मालाच्या किमतीवर लागते. मजुरी, काँक्रीट, वायरिंग यांच्याशी त्याचा संबंध नाही. समजा, सांगाड्याच्या कॅनडियन लाकडाची आयात किंमत 6,000 डॉलर आहे, तर नव्या 10 टक्क्यांचे 600 डॉलर होतात. डेकसाठी (घराबाहेरच्या लाकडी ओट्यासाठी) बहुधा वापरले जाणारे सदर्न पाइन जॉर्जिया, अलाबामा अशा राज्यांतले असते आणि त्यावर आयात शुल्क नसते. (आयात माल महागला की देशी गिरण्याही भाव चढवतात, हे मात्र खरे.) म्हणून सांगाडा, डेक आणि कॅबिनेट यांचे दर कंत्राटदाराकडून वेगवेगळे लिहून घ्या, सांगाड्याचे लाकूड कुठल्या गिरणीचे आहे ते विचारा, आणि करारात "शुल्क वाढल्यास किंमत वाढेल" असे कलम असेल, तर शुल्क उतरल्यास किंमत कमी होईल, हेही त्यात लिहून घ्या.

कॅबिनेटची निवड मात्र लांबवू नका. त्यांवरील शुल्क 1 जानेवारी 2026 रोजी 50 टक्के होणार होते. आदल्याच दिवशी ती वाढ 1 जानेवारी 2027 पर्यंत पुढे ढकलली गेली. व्हिएतनाम किंवा मलेशियातून येणारा संच घ्यायचा असेल, तर तो त्या तारखेपूर्वी बंदरात उतरला पाहिजे, कारण आपण मागणी कधी नोंदवली यावर शुल्क ठरत नाही.