गोल्फमध्ये बॉलला क्लब (मारायची काठी) लागतो त्या क्षणी डावं मनगट सरळ हवं की वाकलेलं?

उजव्या हाताने खेळत असाल तर सरळ. जरासं लक्ष्याकडे फुगलेलं असलं तरी चालेल, पण मागे मोडलेलं अजिबात नको. उजवं मनगट मात्र त्या वेळी मागे वाकलेलंच राहतं. आयर्नने, म्हणजे धातूच्या पातळ पात्याच्या क्लबने मारताना हात बॉलच्या थोडे पुढे असतात. म्हणून आधी बॉल, मग माती. गवताची खपली बॉलच्या पुढची निघते. ड्रायव्हरला, म्हणजे लांब मारायच्या सगळ्यात लांब क्लबला, हात इतके पुढे लागत नाहीत.

बॉल उचलायला म्हणून मनगट झटकू नका, ते काम क्लबच्या तिरक्या तोंडाचं आहे. बॉल क्लबला जेमतेम अर्धा मिलिसेकंद चिकटतो, तेवढ्यात काही सुधारता येत नाही. खाली येतानाच वजन डाव्या पायावर आलं पाहिजे.

इथे बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या कोर्सवर सकाळी सरावाला जाते, तेव्हा घड्याळाच्या पट्ट्याखाली छोटी फूटपट्टी खोचते, हाताच्या मागच्या बाजूने. मनगट मोडलं की ती लगेच टोचते. अर्ध्या स्विंगचे वीस-पंचवीस बॉल असे हळू मारा. मला याचा फार उपयोग झाला.