गोव्यात कडेकोट सुरक्षेतल्या टीव्ही मुलाखतीत कॅमेरामनचं काम कसं असतं?

तुम्ही विचारलंय की मोठ्या पाहुण्यांच्या मुलाखतीला कॅमेऱ्यामागे काय काय करावं लागतं आणि दडपण येतं का. पणजीत राहून बरीच वर्षं हेच काम करतोय, म्हणून सांगतो. दडपण येतं, ते वेळेचं. पाहुणा अर्धा तास बसतो. आमचा दिवस त्याच्यासाठी पहाटेच सुरू झालेला असतो.

गोव्यात असे प्रसंग येत राहतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिक्सची शिखर परिषद बाणावलीला झाली, मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेचे परराष्ट्रमंत्रीही तिथेच जमले. एरवी नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतोच.

सामानाची यादी सीरियल नंबरांसह आधी द्यावी लागते. एकदा मी ऐन वेळी यादीबाहेरची एक बॅटरी बॅगेत टाकली. दारातच अडकलो, लायटिंगला ठेवलेला अर्धा तास तिथेच संपला. तेव्हापासून आदल्या रात्री बॅग स्वतः भरतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

आत गेल्यावर सगळ्या पेट्या उघडून जमिनीवर मांडायच्या आणि लांब उभं राहायचं. श्वानपथकाचा कुत्रा प्रत्येक पेटीत नाक घालून जातो. मग अधिकारी बॅटरी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतो, कॅमेरा चालू करायला लावतो, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून चित्र खरंच दिसतंय का ते पाहतो. काही सहकाऱ्यांना हा अपमान वाटतो. मला वाटत नाही. ९ सप्टेंबर २००१ रोजी अफगाणिस्तानात तालिबानविरोधी नेते अहमद शाह मसूद यांना मारणारे दोघे टीव्ही पत्रकार म्हणूनच आले होते, आणि बॉम्ब त्यांनी चित्रीकरणाच्या सामानात लपवला होता. हे माहीत असलेला अधिकारी माझी बॅटरी दोनदा पाहणारच.

इथली खरी अडचण दमट हवेची. तपासणी झालेलं सामान एसीच्या बंद खोलीत ठेवतात आणि मुलाखत असते समुद्राकडच्या व्हरांड्यात. थंडगार लेन्स पावसाळी हवेत आणली की काच पांढरी पडते. फडक्याने पुसलं तर बाहेरचं पाणी जातं, आतल्या काचांवरचं तसंच राहतं. लेन्स आपोआप गरम होईपर्यंत वाट पाहण्याशिवाय इलाज नाही. आणि पाहुणे काही तेवढा वेळ थांबत नाहीत. म्हणून मी आदल्या दिवशीच अधिकाऱ्यांना भेटून विनंती करतो: तपासणी व्हरांड्यातच करा, कॅमेरा तिथेच राहू द्या, हवं तर शिपाई उभा करा. कारण नीट समजावलं की बहुतेक जण ऐकतात.

माइक शक्यतो वायरचा घ्या. सिग्नल अडवणारा जॅमर चालू असेल तर वायरलेसचा भरवसा नाही.

मुलाखत चालू असताना हात दिसतील असे ठेवायचे. खिशात घालायचे नाहीत, झटकन वाकायचं नाही. माझ्या पायाशी एकदा टेप पडली, ती उचलायला वाकलो आणि मागचा सुरक्षारक्षक दोन पावलं पुढे आला. आता काही पडलं तर पडू देतो. फोकस बदलायचा तर फक्त बोटं हलतात. पाहुणे उठले तरी आम्ही जागेवरच. त्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या की मगच केबल गुंडाळायला घ्यायच्या.